ध्येय एकाचे, साधने कोणाची?

बारावीच्या निकालाचा हंगाम आला की मंचर, नारायणगाव, जुन्नर या बाजारगावांतून शिकवणी वर्गांचे फलक झळकू लागतात आणि त्यांच्या जोडीने व्याख्यानेही झडतात. व्याख्यानाचा विषय बहुधा ठरलेला असतो: ध्येय निश्चित करा. 'नीट' परीक्षेत 720 पैकी किती गुण मिळवावयाचे तो आकडा कागदावर लिहावा आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवावा, असा वक्त्याचा उपदेश असतो. ज्याच्या घरी टेबलच नाही त्याने तो कागद कोठे चिकटवावा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ध्येय ठरवू नये असे येथे सुचवावयाचे नाही. प्रश्न आहे तो ध्येय आणि साधन यांच्या नात्याचा. यान टिनबर्गेन या डच अर्थशास्त्रज्ञाने आर्थिक धोरणासाठी एक साधा नियम घालून दिला होता. जितकी उद्दिष्टे, तितकी स्वतंत्र साधने किमान हाताशी हवीत. उद्दिष्टे फुगवून साधने आखडती ठेवली की योजना दप्तरातच राहते, हा अनुभव देशाने पंचवार्षिक योजनांत पुरेसा घेतला आहे. सतरा वर्षांच्या मुलाची योजना या नियमाला अपवाद कशी ठरावी?

प्रथम आकड्यांचा हिशेब स्वच्छ मांडला पाहिजे. 2025 साली ही परीक्षा सुमारे 22 लाख विद्यार्थ्यांनी दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील सरकारी महाविद्यालयांच्या, म्हणजे सामान्य घराला परवडणाऱ्या, जवळपास निम्म्या. तरीही 12 लाखांहून अधिक विद्यार्थी 'पात्र' ठरले. राखीव प्रवर्गाला पात्रतेसाठी 113 गुण पुरेसे होते. या 'पात्र' शब्दाने अनेक घरांची फसगत होते. गावात अभिनंदनाचा फलक लागतो, आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर कळते की पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. जी जागा मिळू शकते ती खाजगी महाविद्यालयाची आहे, आणि तिचे शुल्क वडिलांच्या जमिनीच्या किमतीएवढे आहे.

म्हणून शहाण्या ध्येयाची सुरुवात एकूण गुणांच्या स्वप्नापासून होऊ नये. 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात, म्हणजे निम्मे गुण एकाच विषयात आहेत. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेव्हा काय सोडून द्यावे हे ठरविणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. या आठवड्यात कोणते प्रकरण, कालच्या सराव चाचणीतील कोणत्या चुका आज पुन्हा तपासावयाच्या, एवढेच ध्येय मुलाच्या हातात असते. ते त्याने अवश्य ठरवावे. बाकीचे त्याच्या हातात नसते.

कोणाच्या हातात असते, हे पाहण्यास आंबेगाव तालुक्यासारखे दुसरे ठिकाण नाही. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेले. पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या जमिनी बुडाल्या. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले गेले, आणि त्यावर सर्वांचे समाधान झाले! जुन्नरमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. माणिकडोहचे पाणी खाली उतरते आणि वरच्या खोऱ्यांतील डोंगरउतारांवर भाताच्या एका पिकावर आणि हिरड्यावर वर्ष काढावे लागते. पूर्वेकडे ऊस, कांदा, टोमॅटो पिकला आणि त्या पैशातून पुणे, लातूर, कोटा येथील वर्गांचे शुल्क निघू लागले. टोमॅटोचा भाव कोसळला की तेथेही हप्ता थकतो, हे खरे. पण बागायतदाराचा मुलगा एका प्रयत्नात अडखळला तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसू शकतो. या परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची कमाल अटही नाही. नियम सर्वांना सारखा असला तरी प्रत्येक जादा प्रयत्न म्हणजे एका वर्षाचा खर्च. तळेघर, आहुप्याकडील मुलीला ते वर्ष कोण देणार?

भाषेची अडचण आणखी निराळी. आश्रमशाळेत दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून, अकरावीत पाऊल ठेवताच इंग्रजीतून. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, हे सरकार अभिमानाने सांगते. परंतु ती ज्या राष्ट्रीय परिषदेच्या पाठ्यपुस्तकांच्या आधारे काढली जाते ती इंग्रजी, हिंदी व उर्दूत छापली जातात, मराठीत नाहीत. हिरड्याचे झाड लांबून ओळखणारी मुलगी त्याच झाडाच्या ऊतींची नावे परक्या भाषेत घोकीत बसते आणि तिच्या जिद्दीत उणीव असल्याचे निदान व्याख्याते करतात.

उपाय गूढ नाहीत. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याने स्वतःचेच उद्दिष्ट आधी कागदावर लिहावे: पुढील पाच वर्षांत आपल्या क्षेत्रातील किती मुलेमुली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोचतील, आणि प्रत्येक वर्षी किती. त्यासाठी अकरावी-बारावीची दोन वर्षे अभ्यासिकेसह वसतिगृह, परिषदेच्या पुस्तकांचे मराठी भाषांतर, भौतिकशास्त्राचा कायम नेमणुकीचा शिक्षक आणि पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेल्यांना एका वर्षाचा निर्वाहभत्ता द्यावा. राखीव जागा कायद्याने मिळाल्या; त्या जागांपर्यंत नेणारी वाट अद्याप बांधावयाची आहे. डिंभ्याचा कालवा खणताना किती किलोमीटर, किती पाणी, किती खर्च हे आकडे आधी मांडले गेले होते. ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांसाठी तसाच आकडा, तारखेसह, घोडेगावच्या कार्यालयाबाहेरील फलकावर लागला पाहिजे.