एकोणीस गुण आणि एक भाकरी

आमच्या घरात भांडण दोन भाषांत होते. मुलीला मी मराठीत रागावते आणि सासूबाई कानडीत तिची बाजू घेतात. त्या मूळच्या बिदरकडच्या. भैंसात येऊन चाळीस वर्षे झाली, पण त्यांचा लाड आणि राग अजून कानडीतच.

मागच्या महिन्यात लेक शाळेचा बास्केटबॉल सामना खेळून आली. दप्तर टाकायच्या आधीच ओरडली, "आई, एकोणीस!" एकटीने एकोणीस गुण केले होते. मी विचारले, "आणि गणितात किती?" तिचा चेहरा उतरला. मी तेवढ्यावर थांबले नाही. "पुढच्या वर्षी दहावी. आता बॉल बंद," असे सांगून मोकळी झाले.

सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याके? आडली बिडु!" का बरे? खेळू दे की!

रात्री मला झोप येईना. या खेळात गुण करणाऱ्या मुलींचे पुढे होते तरी काय, ते शोधायला बसले. पहिले नाव आपल्या पुण्याचे निघाले, शिरीन लिमये. आधी महाराष्ट्राकडून, मग रेल्वेकडून खेळली आणि पुढे भारताची कर्णधारही झाली. २०१७ मध्ये बंगळूरला महिलांचा आशिया चषक झाला, तेव्हा ती संघात होती. 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या गटात जागा मिळवली. दोन गुणांचा फरक, म्हणजे फक्त एक टोपली!

त्या संघात चेन्नईची अनिता पॉलदुराईही होती. बाळंतपणानंतर ती पुन्हा मैदानात उतरली होती. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. केरळची गीतू ॲना जोस तर मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्स क्लबकडून खेळली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधील तीन संघांनी तिला चाचणीला बोलावले. निवड झाली नाही, पण तिथवर पोचणारी ती पहिली भारतीय मुलगी.

अमेरिकेत गुणांना मोल आहे. लेब्रॉन जेम्सने २०२३ मध्ये करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. तिथे गुणांवर माणूस कोट्यधीश होतो. आपल्याकडे तसे नाही. मुलींना वर्षभर पोसेल अशी लीग इथे रुजली नाही. शिरीन, अनिता, गीतू या तिघींच्या नावापुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे रेल्वे. क्रीडा कोट्यातली नोकरी लागली, महिन्याचा पगार सुरू झाला, की सराव चालू राहतो. टाळ्या गुणांना पडतात, पण चूल पेटते ती पगारावर.

म्हणजे माझी काळजी खोटी नव्हती. पण माझा प्रश्न चुकला होता. पोरीने एकोणीस गुण आणले आणि मी त्यांना गणिताच्या गुणांनी भागले! कोट्यातल्या नोकरीलाही शिक्षण लागतेच. मग एकासाठी दुसरे बंद कशाला?

सकाळी मी तिला सगळे खरे सांगितले. लाखातून एखादीच शिरीन होते, हेही लपवले नाही. शेवटी ठरले असे : पहाटे सराव, संध्याकाळी गणित, आणि चाचणी परीक्षेत घसरली तर पुन्हा घरातली बैठक.

सासूबाईंना 'रेल्वे' एवढाच शब्द ऐकू आला. "आपल्या भैंसाला कुठे रेल्वे? गाडी धरायला बासरला जावे लागते," त्या म्हणाल्या. लेक हसून म्हणाली, "जाईन की अज्जी, बासरपर्यंत पळत जाईन."

त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. आता पहाटे साडेपाचला अंगणात चेंडू आपटायला लागला की मला जाग येते. मी उठून दूध तापायला ठेवते.