साहेबाचा रूळ, आमचा माग

जलंबला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. खामगावची गाडी बाजूलाच उभी. जलंब ते खामगाव आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. डुलकी लागायच्या आत संपणारी लाईन. पण १८७० सालची! लॉर्ड मेयो, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, या तेरा किलोमीटरसाठी जातीनं वऱ्हाडात आला होता. तेवढ्यासाठी व्हाइसरॉय येतो म्हणजे नक्कीच पाणी कुठंतरी मुरतंय. तेच बघायला आम्ही निघालो होतो.

सोबत एक दोस्त. चळवळीत नवा, तापलेला. डब्यात बसल्या बसल्या म्हणाला, "काही म्हण, रूळ टाकला साहेबानं. पेशवाई असती तर आपल्या गळ्यात अजून मडकंच असतं. आपण माणसात आलो ते इंग्रजामुळं."

खामगावच्या फलाटावर एक मास्तर पोरांची सहल घेऊन उभा होता. पोरं उन्हानं कावलेली. मास्तर घसा ताणून सांगत होता, "मुलांनो, याच स्टेशनातून इंग्रजांनी आपला कापूस लुटून नेला. आपला सोन्यासारखा वऱ्हाड भिकेला लावला."

आपण आणि आपला. एकाच सकाळी दोन 'आपण' ऐकले. मास्तरच्या 'आपण'मध्ये माझी आजी नाही. दोस्ताच्या 'आपण'मध्ये आहे, पण ती साहेबापुढं हात जोडून उभी आहे. मला दोन्ही पटेनात. आजीनं आयुष्यभर कुणापुढं हात जोडले नाहीत असं नाही, पण ते आवडीनं जोडले नव्हते.

जरा हिशेब मांडू. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. तोवर मँचेस्टरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथल्या दक्षिणेकडून यायचा, नि तो वेचायला चाळीस लाखांच्या घरात काळे गुलाम होते. बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस थांबला, लँकेशायरची चाकं थांबली. मग साहेबाला वऱ्हाड आठवला. १८५३ च्या तहानं तो निजामाकडून इंग्रजाच्या ताब्यात आलेलाच होता, कागदावर मालकी निजामाची. काळी माती, पऱ्हाटीचं रान. भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरबाजारवाल्यांनी नोटा मोजल्या. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला नि मुंबईचे शेठही कोसळले. पण साहेबानं धडा घेतला होता: एकाच रानावर अवलंबून राहायचं नाही. मुंबईहून येणारी मोठी लाईन १८६७ ला नागपूरला पोचली. ती जलंबवरून गेली, खामगावचा कापूसबाजार बाजूला राहिला. तेवढंच अंतर भरून काढलं १८७० ला. आदल्याच नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला होता. खामगावच्या प्रेसात दाबलेली गठाण आता सरळ मँचेस्टरच्या दारात.

इथवर मास्तर बरोबर आहे. लूट झाली, कबूल. पण लुटलं कुणाला? हा प्रश्न विचारला की मास्तरचा घसा बसतो.

त्या वेळी वऱ्हाड-मध्य प्रांताचा कॉटन कमिशनर होता हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्यानं आपल्या अहवालात मनातलं उघडउघड लिहून ठेवलंय. साहेब हिशेबाचा पक्का, लपवाछपवी नाही. त्याचं म्हणणं असं: या भागात फाट्याची रेल्वे आली की विलायती कापड इतकं स्वस्त पडेल की इथलं कापड त्यापुढं टिकणार नाही. मग जो कापूस इथं सुतात जातो तोही बाहेर पाठवता येईल. आणि सूत कातणारी, कापड विणणारी जी माणसं आहेत, ती शेतमजुरीला मोकळी होतील.

मोकळी होतील! काय शब्द आहे! पाय तोडायचे नि म्हणायचं, जा, आता चपलेचा खर्च वाचला.

ही विणणारी माणसं कोण होती? वऱ्हाड-नागपुरात जाडंभरडं कापड विणणाऱ्यांत महार मोठ्या संख्येनं होते. माग आमचा होता. गावकीची कामं होती, मेलेलं ढोर ओढणं होतं, सगळी घाण होती, पण त्या घाणीत हातभर जागा मागाची होती. तिथं बसून माणूस स्वतःच्या हातानं काहीतरी करायचा नि बाजारात विकायचा. जी गाडी गठाणी घेऊन गेली, तीच येताना मँचेस्टरचा तागा घेऊन आली. माग मोडला. विणणारा गेला कुणब्याच्या रानात रोजानं नि त्याची बायको गेली वेचणीला. पुढं नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल निघाली, १८७७ ला. मग त्यातलेच काही गिरणीत शिरले, म्हणजे स्वतःच्या मागावरून उठून दुसऱ्याच्या मागापुढं उभे राहिले. उरलेले गावातच. वेचणी, जिनिंग, हमाली. सरकी वेगळी, रुई वेगळी, नि छातीत बसलेली कापसाची धूळ वेगळी. ती कुणी तोलली नाही.

वेचणी ज्यांनी केली नाही त्यांना कापूस मऊ वाटतो. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. बोटं फाटतात. पहाटेचं दव, मग ऊन. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी कंबर मोडत जाते. मजुरी वजनावर, वजन मालकाच्या काट्यावर. अमेरिकेतल्या काळ्या बाईची बोटंही याच टोकांनी फाटत होती. तिच्या पाठीवर चाबूक होता, आमच्या बाईच्या पाठीवर जात होती. १९६६ साली ओकलंडच्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. लोक म्हणाले, विलायती फॅशन. फॅशन नव्हती ती. दोघींचा कापूस शंभर वर्षं आधीच एका गिरणीत कातला गेला होता. आणि जोतिबांना हे तेव्हाच कळलं होतं. खामगावचा रूळ पडला त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ ला, त्यांनी 'गुलामगिरी' छापली नि ती अर्पण केली गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून माणसाची नजर तिथवर गेली होती. आमच्या मास्तरची फलाटाच्या टोकापर्यंत जाईना.

आता दोस्ताचं.

त्याचं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर गाठोडं. आमचं बोलणं ऐकत होती. मधेच म्हणाली, "मायी सासू सांगे बाप्पा, गाडीत बसलं का कोनी जात इचारे नाही. तिकीट हाय का, एवढंच इचारे."

दोस्त खूश. "बघ!"

"पन गाडीतून उतरलं का," म्हातारी म्हणाली, "मंग थेच. पान्याले दुरूनच."

१९०१ साली बाबासाहेब, लहान पोर, भावंडांबरोबर गोरेगावला वडिलांकडं निघाले. मसूर स्टेशनपर्यंत गाडीनं गेले. अंगावर नवे कपडे, सगळं ठीक. उतरल्यावर स्टेशनमास्तरनं कोण म्हणून विचारलं, पोरांनी महार म्हणून सांगितलं, नि तो मागं सरकला. एकही गाडीवान बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकानं दिली, तीही पोरांनी स्वतः हाकायची नि गाडीवान पायी चालणार, या बोलीवर. रूळ संपला तिथं साहेबाचं राज्य संपलं नि मनूचं सुरू झालं. साहेबाला त्या बैलगाडीशी देणंघेणं नव्हतं. त्याचं देणंघेणं गठाणीशी होतं. आणि उपकारच म्हणायचे तर १८९० नंतर महारांची पलटणीतली भरती बंद कुणी केली? पेशव्यानं? १९३० साली गोलमेज परिषदेत, लंडनमध्ये, साहेबाच्या तोंडावर बाबासाहेबांनी हाच जाब विचारला: तुम्ही यायच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होतं, पोलिसाची नोकरी बंद होती. तुम्ही आलात, काय उघडलंत? ज्यानं इंग्रजाकडून मिळेल ते ज्ञान घेतलं, त्यानंच हा सवाल केला. आपण मात्र रुळापुढं नारळ फोडायला निघालोय.

अजून एक बघा. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, १९०५ ला ते बुलढाण्यात आलं. त्या बुलढाणा गावाला, जिल्ह्याच्या ठिकाणाला, आजही रेल्वे नाही. मेहकरला नाही. लोणारला नाही, सिंदखेडराजाला नाही. खामगाव-जालना लाईनची मागणी शंभर वर्षांहून जुनी. किती आमदार-खासदार त्या लाईनच्या नावावर निवडून आले असतील! कापसाला बंदर गाठायचं होतं तेव्हा तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय आला. माणसाला कचेरी गाठायची आहे, तर साहेब जाऊन इतकी वर्षं झाली तरी सर्व्हेच चालू. मास्तरनं हेही पोरांना सांगायला पाहिजे होतं. तो स्वराज्यापर्यंत आला नि थांबला, पुढं त्याचाच इतिहास सुरू होतो.

गाडीतून उतरल्यावर म्हातारी आमच्याबरोबरच चालत होती. मी विचारलं, "आई, कुठं जायचं?"

"बुलढाण्याले. गायरानाच्या कागदासाठी."

१९५९ नि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी तुरुंग भरले होते. जमिनीच्या मागणीसाठी. म्हातारी त्यात होती का ते विचारायचं राहिलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं नि दोस्ताकडं बघितलं.

"यस्टी कुठून भेटते बाप्पा?"

दोस्तानं काही न बोलता गाठोडं उचललं नि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.