चाकांवरची दोन घरे

आपल्या सुशिक्षित, सुस्थित कुटुंबांत अलीकडे प्रवासाची एक नवी हौस मूळ धरू लागली आहे. पूर्वी माणसे यात्रेला, लग्नकार्याला, आजारी नातलगाच्या भेटीला प्रवास करीत आणि वाटेत भूक लागली की फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडीत. आता आपण खाण्यासाठीच प्रवासाला निघतो. ‘तिथली अस्सल चव’ शोधणे हा प्रवासाचा हेतू होऊन बसला आहे. त्यातच निजण्याची जागा, स्वयंपाकघर आणि शौचालय पोटात घेऊन धावणारी कॅराव्हॅन नावाची गाडी आली. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. या गाड्यांच्या मुक्कामासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असलेले तळ उभे राहावेत, असा त्याचा हेतू आहे. या हौसेशी माझे भांडण नाही. माझे भांडण तिच्यातील आंधळेपणाशी आहे, आणि त्या आंधळेपणात मी स्वतः सामील होतो, हे आधीच कबूल करतो.

माझा पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो बायकामुलांसह घरी आला आणि त्याने अशी एक गाडी भाड्याने घेतली. शेजारच्या लुइझियाना राज्यात अशाच गाडीतून आडवाटेने फिरून त्याने केजन लोकांचे जेवण शोधून काढले होते. ती चव त्याच्या जिभेवर अजून होती. “काका, तसे आपल्याकडे करू. वेरूळ-अजिंठा सगळेच पाहतात, आपण बीडला जाऊ,” तो म्हणाला. मराठवाड्यातील माझ्या नोकरीची काही वर्षे त्याने ऐकून ठेवली होती. आम्ही निघालो आणि अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड असे करीत बीडला पोहोचलो.

महामार्गालगतच्या एका भोजनालयावर ‘अस्सल गावरान’ अशी ठसठशीत पाटी होती. आत दिव्यांच्या माळा, भिंतीवर रंगवलेली बैलगाडी, वाढप्यांच्या डोक्यावर फेटे. मात्र खाद्यपदार्थांची यादी उघडली तर पनीर बटर मसाला, काजू करी आणि तंदुरी रोटी! कोपऱ्यात एक ‘गावरान थाळी’ होती. तिच्यातील भाकरी वातड आणि पिठले तेलात पोहत असलेले. बीडची चव म्हणून हे खाऊन, त्याचे छायाचित्र काढून परतणाऱ्यांची संख्या थोडी नाही. पाटी लावणाऱ्याला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक जे मागते ते तो विकतो. दोष मागणाऱ्याचा आहे, कारण त्याला गाव हवे असते, पण गावातील माणसे त्याच्या यादीत नसतात.

मग बीडची चव आहे तरी कोठे? ती मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र, टम्म फुगलेल्या भाकरीत आहे. ती येसराच्या आमटीत, हुलग्याच्या शेंगोळ्यांत, लोखंडी तव्यावरच्या धपाट्यांत आणि उखळात कुटलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत आहे. अंबाजोगाईला सकाळी मुरमुऱ्यांचा ‘सुशीला’ मिळतो. लातूर-धाराशिवला लागून असलेल्या भागात वेळ अमावस्येला शेतात जाऊन भज्जी आणि अंबील यांचे जेवण होते. बालाघाटच्या डोंगरउतारावर, जेथे दुसरे काही धड येत नाही, तेथे सीताफळ येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे सारे खरे. पण यातही एक लटके सोवळेपण शिरते, तेवढे दूर केले पाहिजे. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘मूळचे’ असे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ठेच्यातील मिरची, चटणीतील भुईमूग आणि मानांकन मिळवणारे सीताफळ ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग ती आपल्याकडे आली आणि येथल्या बायकांनी ती आपलीशी केली. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्याचीही छाप येथल्या बोलीवर आणि ताटावर आहे. प्रदेशाची चव रक्ताच्या शुद्धतेतून येत नाही. ती टंचाईतून आणि त्या टंचाईत चूल पेटती ठेवणाऱ्या हातांतून येते. १९७२ च्या दुष्काळात या भागाने परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना भाकरीची चव म्हणजे काय, हे कोणत्याही पाटीवरून वाचावे लागत नाही.

पुतण्याने शोधलेल्या केजन जेवणाची कथाही याहून वेगळी नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडियात राहणारे हे फ्रेंचभाषक कॅथलिक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारासह हुसकून लावले. त्यांतील बरेचजण पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात येऊन वसले. त्यांच्या प्रसिद्ध गंबोमध्ये घालतात ती भेंडी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची आणि रस दाट करणारी सॅसाफ्रासच्या पानांची पूड तेथल्या आदिवासींची. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तेथील घरांत मासळी आणि गोड्या पाण्यातील क्रॉफिश शिजतात, हे आपल्या वाचकांना परके वाटू नये. पण याच लोकांच्या मुलांना शाळेत घरची फ्रेंच बोलली म्हणून शिक्षा होत असे. राज्याच्या १९२१ च्या घटनेने शाळेत इंग्रजीच सक्तीची केली होती. पुढे १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे बल्लवाचार्य पॉल प्रुडोम यांनी तव्यावर काळसर भाजलेला तांबडा मासा गाजवला आणि देशभर त्याची एवढी मागणी झाली की, मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंधने घालावी लागली. लोकांची भाषा नको, त्यांचे दारिद्र्य नको. त्यांचा मासा मात्र हवा, आणि तोही संपेपर्यंत! चवीच्या शोधाला विवेकाची जोड नसली, तर तो असा लुटीला जाऊन मिळतो.

आता आमच्या प्रवासाकडे वळतो. धारूरच्या डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवर आम्ही पाणी मागण्यासाठी थांबलो. निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. एका ओसरीवर एक म्हातारी आणि तिची तीन नातवंडे होती. तिने पाणी तर दिलेच, पण आमच्या मुलांकडे पाहून न विचारता चूल पेटवली. भाकरी, लसणाची चटणी आणि ताक. आम्ही बीडमध्ये खाल्लेले तेच एक खरे जेवण. पुतण्याने पुढे केलेले पैसे तिने हाताने बाजूला सारले.

“आजी, घरातली बाकीची माणसे कोठे आहेत?” मी विचारले.

“पोरं कारखान्याला गेलीत,” ती म्हणाली. बीडच्या बोलीत ‘कारखान्याला जाणे’ म्हणजे ऊस तोडायला जाणे.

पुतण्याच्या मुलीने तिला हात धरून गाडी दाखवायला नेले. गाडीतील शेगडी, भांडी, निजण्याचे फळे म्हातारीने निरखून पाहिले. म्हणाली, “लई चांगलं हाय. आमच्या सुनंचं बी घर असंच गाडीत जातंय. पर तिच्या गाडीत उजेड न्हाई.”

या एका वाक्यापुढे आमची सारी हौस उघडी पडली.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ट्रक, ट्रॅक्टर नाही तर बैलगाडीने निघतात. बरोबर ज्वारीचे पोते, तवा, परात, चटणीचा डबा, अंथरूण आणि अंगावरचे मूल. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात उसाच्या फडाजवळ पाचटाची आणि प्लॅस्टिकची कोपी उभी राहते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे मोडते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; म्हणजे मजुरीच्या हिशेबात बाईचे नावसुद्धा नाही. हीच बाई पहाटे चारच्या आधी उठून तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, मग फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते आणि रात्री-अपरात्री गाडी भरते. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. दुखणे अंगावर काढणे म्हणजे काय, ते २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले. तिने पाहणी केलेल्या बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते.

आता हंगामाचा हिशेब मांडून पाहा. रब्बीच्या ज्वारीचा हुरडा येतो तो डिसेंबर-जानेवारीत. त्याच दिवसांत शहरांतून गाड्या भरून माणसे हुरड्याच्या मेजवानीला येतात आणि त्याच दिवसांत गावची तरणी माणसे परमुलखात उसाच्या फडात असतात. खाणारे गावात येतात तेव्हा घरचे गावाबाहेर! प्रदेशाची संस्कृती पाहायला निघालेल्या प्रवाशाला त्या प्रदेशाची माणसेच दिसू नयेत, आणि तरीही आपल्याला संस्कृती सापडली असे त्याला वाटावे, याहून मोठी फसवणूक ती कोणती?

कोणी म्हणेल, “प्रवासी आले तर गावात चार पैसे येतात, त्यांना का हिणवता?” आक्षेप योग्य आहे. पैसे यावेत, अवश्य यावेत. पण ते भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाती यावेत. गावोगावच्या महिला बचत गटांनी आपल्या नावाने आणि आपल्या भावाने जेवण विकले, तर अशा दहा कॅराव्हॅनांचे मी स्वागत करीन. गावातच सन्मानाने चरितार्थ चालला, तर एखादी तरी सून हंगामात घरी राहील.

दुसरा कोणी म्हणेल, “आम्ही बीडला कधी गेलोच नाही, आमचा काय संबंध?” त्यांना माझे सांगणे आहे की, बीडची चव आपण रोज सकाळी चहात घेतो. प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून आजवर महाराष्ट्राची साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसातून आली, त्यांत बीडच्या हातांचा वाटा फार मोठा आहे. गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच आपला नाताळ येतो. आपला केक, आपले कुलकुल, आपल्या नेवऱ्या यांत ती साखर असते. श्रीरामपूर, हरेगाव, राहाता, संगमनेर या परिसरातील आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना तर या कोप्या घरापासून हाकेच्या अंतरावर दिसतात. त्यांना बीड शोधायला जाण्याची गरज नाही. बीड दर वर्षी त्यांच्या दारी येऊन मुक्काम करते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. हौशी प्रवाशाच्या चाकांवरच्या घराला पाणी, वीज आणि शौचालय असलेला तळ मिळावा, हे ज्या राज्याला सुचू शकते, त्या राज्याने आणि त्याच्या कारखान्यांनी पोटासाठी फिरणाऱ्या घराला तेच द्यावे. त्यात काही अवघड नाही. फक्त लाज वाटली पाहिजे. आणि आपण, जे स्वतःला चवीचे जाणकार म्हणवतो, त्यांनी जेवणाचे नाव विचारण्याआधी जेवण करणारीचे नाव विचारावे.

परतीच्या वाटेवर, तिन्हीसांजेला, संगमनेरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कोप्यांची एक ओळ लागली. चुली पेटल्या होत्या. भाकरी थापल्याचा आवाज उघड्या खिडकीतून आत आला. म्हातारीची सून त्यांत असेल किंवा नसेल. आमच्याकडे नाताळचा केक शिल्लक होता, गाडीत उजेडही होता. पण उशीर झाला होता, मुले पेंगुळली होती, कारणे पुष्कळ होती. आम्ही गाडी थांबवली नाही. वाचकांनी या हंगामात ती थांबवावी, एवढ्यासाठी हे लिहिले.