आडवा वारा आणि रुंद रस्ता

आर्द्रा नक्षत्र लागले की बालाघाटाच्या पठारावर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि पावसाळा ओसरेपर्यंत त्याचा जोर फारसा कमी होत नाही. या वाऱ्याचे मोल आता सर्वांस कळले आहे. धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. पण त्याच वाऱ्यातून, त्याच माळांवरून, शंभर सीसीच्या मोटारसायकलवर बसून जी माणसे रोज कामावर जातात, त्यांच्याविषयी मात्र कोठे विचार झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा तुळजापूरहून धाराशिवला दुचाकीने जाणे घडते, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार पुस्तकी नाही.

सोलापूर-धुळे महामार्गाचा (आजचा क्रमांक 52, पूर्वीचा 211) हा टप्पा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. म्हणजे पश्चिमेचा वारा येथे नेमका आडवा लागतो. धाराशिवकडे जाताना तो डाव्या अंगाने येतो आणि गाडीला उजवीकडे, भरधाव मोटारींच्या मार्गिकेत ढकलतो. परतताना तोच वारा उजवीकडून येऊन आपल्याला रस्त्याच्या कडेबाहेर लोटतो. वारा एकसारखा असता तर त्याच्या अंगावर किंचित कलून सरळ जाता आले असते. पण खोदीव रस्त्याच्या दोन दरडींमधून बाहेर पडताच, किंवा उड्डाणपुलावर चढताच, तो एकदम अंगावर येतो.

सर्वांत कठीण प्रसंग मालमोटार ओलांडण्याचा. आपण वाऱ्याच्या विरुद्ध, डावीकडे कललेले असतो. मालमोटारीच्या आडोशात शिरताच वारा तुटतो आणि आपला तोल तिच्याच चाकांकडे झुकतो. तो सावरून पुढे निघावे, तर तिच्या तोंडापाशी वाऱ्याचा झोत पुन्हा बसतो. गेल्या आषाढात अशाच एका क्षणी माझी गाडी हातभर उजवीकडे सरकली. मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून आज हा लेख लिहीत आहे.

यावर अनुभवी माणसे जे उपाय सांगतात ते खरे आहेत. हँडल आवळून धरू नये, सैल हातांनी धरावे. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग थोडे पुढे झुकवावे, मार्गिकेच्या मधोमध राहावे आणि मुख्य म्हणजे वेग कमी करावा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 चा वेग 80 वर नेला की तो चौपट होतो. ताशी 60 ने जाताना समोरून 30 चा वारा असेल, तर रोध सव्वादोन पटीने वाढतो, आणि सात-आठ अश्वशक्तीचे इंजिन धापा टाकू लागते. अशा वेळी गियर उतरवावा, हट्ट सोडावा. वळवाची वावटळ दिसली तर थांबावे. पण झाडाखाली किंवा फलकाखाली नव्हे.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे सार्वजनिक प्रश्नाला वैयक्तिक कौशल्याचा प्रश्न ठरविणे होय. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकविलेला गवळी अंग झुकवून वाऱ्याला किती चुकविणार? बायको-मुलाला मागे बसवून दवाखान्यात निघालेला शेतमजूर कोणते कौशल्य दाखविणार? ही माणसे हौसेने दुचाकीवर बसलेली नाहीत. एस. टी.ची फेरी वेळेवर मिळत नाही आणि मोटार परवडत नाही, म्हणून ती बसली आहेत. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 74,897 दुचाकीवरची होती. शंभरात चव्वेचाळीसहून अधिक मृत्यू ज्या वर्गाचे, त्या वर्गासाठी रस्त्याच्या आराखड्यात जागा किती, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मालमोटार आणि मोटारसायकल या दोहोंना ताशी 80 ही एकच कमाल मर्यादा घातली. कायद्यापुढे दोघी समान झाल्या. वाऱ्यापुढे कित्येक टनांची एक आणि सव्वाशे किलोंच्या आतली दुसरी समान कशा होणार? दुचाकीला टोल नाही, हे खरे. पण टोल माफ केला म्हणजे जबाबदारीही माफ झाली, असा त्याचा अर्थ नव्हे. पेट्रोलवरील कर दुचाकीस्वारही भरतोच.

मागण्या मोठ्या नाहीत. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. नवी लावली ती मुख्यतः दुभाजकात, समोरच्या दिव्यांची तिरीप अडविण्यासाठी. 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का वृक्षलागवडीसाठी ठेवण्याची तरतूद आहे. तो पैसा पश्चिमेच्या बाजूला, रस्त्यापासून पुरेशा अंतरावर, सलग झाडोरा वाढविण्यास वापरावा. भिंत नको, भिंतीमागे भोवरे उठतात. वारा गाळून जाऊ देणारी झाडांची रांगच हवी. पुलांवर आणि दरडींच्या तोंडाशी आडव्या वाऱ्याचे इशारे लावावेत. डांबरी कडपट्टी खडी-मातीपासून मोकळी ठेवावी. मलेशियात 1970 च्या दशकातच महामार्गालगत मोटारसायकलींसाठी वेगळी मार्गिका झाली. तो देश काही कुबेराचा नव्हता. आणि सर्वांआधी एस. टी.च्या फेऱ्या वाढवाव्यात. वाऱ्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बसची खिडकी.

माहिती नाही, अशी सबबही उरलेली नाही. पवनचक्की उभारण्यापूर्वी माळावर मनोरा रोवून महिनोन्‌महिने वारा मोजतात. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशभराचे वाऱ्याचे नकाशे तयार केले आहेत. म्हणजे पाते फिरावे म्हणून वारा मोजला गेला. माणूस पडू नये म्हणून तीच मोजणी रस्त्याच्या आराखड्यात उतरविणे एवढेच बाकी आहे. या वाऱ्याचा नफा ज्याचा त्याला मिळतो आहे. त्याचा धोका मात्र ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याच अंगावर सोपविला आहे. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. म्हणूनच ती बदलता येते.