आधी कॉक, मग इंजिन

कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधून दाखवलं, तेव्हापासून ‘आपणही बांधू’ म्हणणारे तरुण अधूनमधून भेटतात. बोलणं सगळं इंजिन आणि पंखांचं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा भाग ‘बघू नंतर’ म्हणून राहतो आणि शेवटी उरलेल्या पैशांत, उरलेल्या जागेत कोंबला जातो. तसं करू नका.

गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळून गेले. विमान घरी बांधलेलं, लाँग-ईझी. त्यांनी ते नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला, कारण पेट्रोलच्या नळ्या त्याला कॉकपिटमध्ये नको होत्या. हेतू चांगलाच. पण तिथवर हात न्यायला अंग वळवावं लागे आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जाई. मुठीवर टाक्यांची खूण नव्हती, पेट्रोल दाखवणाऱ्या काचेवरही आकडे नव्हते. तपासात या सगळ्यावर बोट ठेवलं गेलं, आणि पेट्रोल न भरता निघाल्याबद्दल वैमानिकावरही.

तेव्हा कॉक विकत घेण्याआधी खुर्चीत पट्टे आवळून बसा, डोळे मिटा आणि हात कुठे सहज पोचतो ते पाहा. कॉक तिथेच बसवा. मूठ दोन बोटांनी फिरली पाहिजे, पण ‘बंद’वर चुकून जाता कामा नये. पंख खाली असलेल्या विमानाला ‘दोन्ही टाक्या’वाला कॉक घेऊ नका, एक टाकी रिकामी झाली की पंप तिच्यातून हवाच ओढतो.

फिटिंगच्या बाबतीत काटकसर नको. एसीवाल्याचं फ्लेअरिंग टूल 45 अंशांचं असतं, विमानाची फिटिंग 37 अंशांची. जोड बसल्यासारखा वाटतो आणि गळतो. टेफ्लॉन टेप तर लावूच नका, तिचे तुकडे थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात.

आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स 912 इंजिनाला 10 टक्क्यांपर्यंतच चालतं. काही रबरं आणि फायबरग्लासच्या टाकीचं काही रेझिन इथेनॉलने मऊ पडतं. नळी, सील, टाकीचं रेझिन, प्रत्येकाबद्दल उत्पादकाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सगळं जोडून झालं की विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर करा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून डब्यात धार मोजा. पंप असेल तर पूर्ण थ्रॉटलच्या गरजेच्या सव्वापट, नुसत्या उतारावर असेल तर दीडपट यायला हवी. ताशी 27 लिटर पिणाऱ्या इंजिनाला पंपाने ताशी 34 लिटर तरी दिले पाहिजेत. तेवढे येत नसतील, तर उड्डाणाची तारीख कुणाला सांगू नका.