पगाराच्या स्लिपवर नाव कुणाचे?



गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही काही जण विहारातच थांबलो. वस्तीतल्या तीन बायकांना मुद्दाम बोलावले होते. तिघीही दवाखान्यात काम करतात. येताना पगाराची स्लिप घेऊन या, एवढेच सांगितले होते.

पहिली ताई सरकारी रुग्णालयात कायम अधिपरिचारिका आहे. तिच्या स्लिपवर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, कपाती असे सगळे रकाने होते. दुसरीचे शिक्षणही तेच, पण नोकरी खासगी नर्सिंग होममध्ये. तिने व्हाउचरचा कागद आणला. त्यावर एकच आकडा आणि खाली सही. तिसऱ्या मावशी पहिल्या ताईच्याच वॉर्डात फरशी पुसतात, बेडपॅन धुतात. त्यांच्याकडे स्लिप नव्हतीच. मोबाईलवर बँकेचा मेसेज होता. त्यात रुग्णालयाचे नाव नव्हते, ठेकेदाराच्या कंपनीचे होते. "आठ वर्षं झाली इथं काम करते, पण कागदावर मी इथली नाहीच," मावशी म्हणाल्या.

या पानावर आपण रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल यांवर लिहितो, वाचतो. दवाखाना निवडताना डॉक्टर कसा, खर्च किती, हेही विचारतो. पण मालक म्हणून तो दवाखाना कसा आहे, हे आपण कधी विचारत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे कोण, कोणत्या पदावर, किती पगारावर आणि कुणाच्या नावाने काम करते, हे दरवर्षी जाहीर करावे. आणि आपण ते मागायला शिकावे.

तीन मालक, तीन हिशेब

सरकारी रुग्णालयाचे दोष आपल्याला पाठ आहेत. तरी मालक म्हणून त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, वेतनश्रेणी. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते, गट ड कर्मचाऱ्याचे 15,000 पासून. त्यावर भत्ते. आडनाव कांबळे असो की कुलकर्णी, आकडा तोच. दुसरी, बिंदुनामावली. राज्याच्या 2001 च्या आरक्षण कायद्याने सरळसेवेत अनुसूचित जातींना 13 आणि अनुसूचित जमातींना 7 टक्के जागा आहेत. कोणता बिंदू भरला, कोणता रिकामा, हे नोंदवहीत लिहावे लागते. शिवाय 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार सरकारी कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचे असते. म्हणजे तुलना करायचे साधन हाताशी आहे. ते वापरणारे कमी आहेत.

खासगी रुग्णालयात यातले काहीच नाही. तिथल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 29 जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. समितीने म्हटले की 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाच्या परिचारिकेइतकाच पगार असावा. 100 ते 200 खाटा असतील तर तो फार तर 10 टक्क्यांनी कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्क्यांनी कमी. आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही 20,000 रुपयांच्या खाली नसावा. ही शिफारस होती, अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. विहारात आम्ही हे वाचून दाखवले, तेव्हा नर्सिंग होममधल्या ताईने व्हाउचरची घडी करून पर्समध्ये ठेवली. तिचा आकडा 20,000 च्या खालचाच होता.

तिसरा मालक म्हणजे ठेकेदार. तो सरकारी रुग्णालयातही आहे आणि खासगीतही. सफाई, सुरक्षा, स्वयंपाक, लॉन्ड्री, कुठे कुठे तंत्रज्ञसुद्धा त्याच्याकडून येतात. कायम पद ठेक्यावर गेले की बिंदुनामावलीतून जाते, वेतनश्रेणीतून जाते, आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगारांच्या वारसांना मिळालेला हक्कही त्या पदापुरता संपतो. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने नऊ खासगी कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तेव्हा आपली मुले रस्त्यावर होती ती याचसाठी. पण रुग्णालयांतली जुनी कंत्राटे आहेत तशीच राहिली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ठेक्याच्या सफाई कामाला कुठलेही आरक्षण नाही. तरी झाडू हातात घेतलेल्यांची नावे विचारा, वस्त्या विचारा. कुणी बिंदू न लावताही तिथे आपलीच माणसे भरलेली दिसतात. वरच्या मजल्यावर, जिथे निर्णय होतात तिथे, मात्र आपल्यासाठी लायक उमेदवार मिळत नाही म्हणतात. 1936 सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात फक्त कामे वाटून थांबत नाही, ती माणसांनाच एकाखाली एक बसवते. रुग्णालयाचा पगारतक्ता जातीच्या रकान्यासह मांडला, तर ती उतरंड आकड्यांत दिसेल. म्हणूनच तो मांडला जात नाही.

सुई सगळ्यांना सारखीच टोचते

हा प्रश्न आरोग्याच्या पानावर का, असे कुणी विचारेल. मावशींनी त्या दिवशी सहज सांगितले की कचऱ्याची पिशवी बांधताना त्यांना दोनदा सुई टोचली. दोन्ही वेळा त्या कुणाला बोलल्या नाहीत. बोलले तर तपासणीत दिवस जातो, दिवसाचा पगार जातो, आणि मुकादम म्हणतो की काम नीट करता येत नसेल तर उद्यापासून येऊ नका.

हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरातल्या 6 ते 30 जणांना तो आजार होऊ शकतो. एचआयव्हीचे प्रमाण फार कमी आहे, हजारात साधारण 3. पण धोका आहेच. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, हातमोजे-बूट-मास्क पुरवणे, प्रशिक्षण देणे आणि वर्षातून एकदा तपासणी करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नियमात 'कायम' किंवा 'ठेक्यावरचा' असा फरक नाही. मावशींना लस मिळाली होती का? त्यांना ठाऊकच नव्हते.

प्रत्येक सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय यांनी एवढे लक्षात ठेवावे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका. तडक कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करा. एचआयव्ही रोखणारी औषधे लागली तर ती शक्यतो 2 तासांत, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. पण ही नोंद करायची हिंमत पगाराच्या खात्रीतून येते. रोजंदारी बुडेल या भीतीने जी बाई गप्प राहते, तिचा आजार पगारातूनच सुरू झालेला असतो.

नुसता प्रवेश पुरेसा नाही

वरच्या पायऱ्यांवर काय होते, याचाही हिशेब आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. त्याच वर्षी थोरात यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव अहवालात नोंदवला. आणि 22 मे 2019 हा दिवस आपण विसरलेलो नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली, खटला उभा राहिला. दार उघडले म्हणजे घर आपले झाले असे नाही. आत आलेल्या माणसाला कसे वागवले जाते, हेही मोजायला हवे.

हे मोजता येते का? येते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 2015 पासून प्रत्येक रुग्णालय ट्रस्टला वंशसमानतेचे नऊ निकष दरवर्षी भरून जाहीर करावे लागतात. कोणत्या वेतनपट्टीत गोरे किती आणि इतर किती, मुलाखतीतून निवड कुणाची जास्त होते, शिस्तभंगाची कारवाई कुणावर जास्त होते, संचालक मंडळात कोण बसते. 2023 च्या आकड्यांत एकूण कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय, आशियाई व इतर अल्पसंख्य एक चतुर्थांशाहून अधिक होते, पण सर्वोच्च व्यवस्थापकांत जेमतेम 11 टक्के. म्हणजे मोजल्याने विषमता संपली नाही. पण ती नाकारायची सोय संपली. ठेकेदारी तिथेही आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या कंत्राटी सफाई आणि खानपान कामगारांनी 2019 च्या अखेरीस संप केला. पुढच्या वर्षी त्या ट्रस्टने हजाराहून अधिक कंत्राटी कामगारांना स्वतःच्या सेवेत घेतले. अर्थात तिथल्या निकषांत जातीचा रकाना नाही. तो आपल्याला आपल्या इथे घालावा लागेल.

"दवाखान्यात जात कशाला आणता?" असे लगेच विचारले जाईल. आम्ही ती आणत नाही. ती तिथे हजर आहे, आम्ही फक्त दिवा लावा म्हणतो. कुणाचे नाव, कुणाचा दाखला भिंतीवर चिकटवायचा नाही. पदावर माणसे किती, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्य किती, स्त्रिया किती, पगार कुठून कुठपर्यंत, ठेक्यावर किती, एवढेच आकडे हवेत. गुणवत्ता तपासायची असेल, तर त्या आकड्यांवरूनच कळेल की निवड गुणांवर होते की ओळखीवर.

मागायचे कुणाकडे?

सरकारी आणि महापालिका रुग्णालयांकडे माहिती अधिकारात मागता येईल. अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत यायला हवे. ठेक्यावर किती माणसे, ठेकेदाराला प्रत्येकामागे किती रक्कम दिली जाते आणि कामगाराच्या हातात किती पडते, हेही विचारा. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयचे कार्ड मागा. कामगाराचे 0.75 टक्के कापले जात असतील, तर मालकाचे 3.25 टक्के जमा होतात का, ते पाहा.

धर्मादाय रुग्णालयांना जागेपासून करापर्यंत सार्वजनिक सवलती मिळतात. म्हणून त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयांत शासनाचा पैसा जातो. पैसा जनतेचा असेल, तर पगाराचा आणि भरतीचा हिशेब जनतेने का मागू नये? या रुग्णालयांना दर वर्षी हा तक्ता जाहीर करण्याची अट शासनाने घालावी, ही आमची मागणी आहे.

आणि एक कडू गोष्ट आपल्या घरातलीही. आज आपल्या समाजातल्या डॉक्टरांची स्वतःची रुग्णालये आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तिथल्या सिस्टरला काय पगार मिळतो? आयाला पीएफ आहे का? हा तक्ता सर्वात आधी त्यांनी आपल्या काउंटरवर लावावा. जयंतीच्या वर्गणीपेक्षा ते मोठे दान होईल.

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट विनयपिटकात आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. जे काम तथागतांनी स्वतःच्या हाताने केले, ते आपल्या रुग्णालयांत सर्वात कमी पगाराचे आहे आणि ते करणाऱ्या बाईचे नाव कुणाला ठाऊक नसते. सगळे तिला मावशी म्हणतात.

पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना पगाराची स्लिप घेऊन या. अर्ज आम्ही तिथेच लिहून देऊ. ज्यांच्याकडे स्लिप नाही, त्यांनी तर नक्की या.

नमो बुद्धाय!