घरी सोडले, पुढे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणारे, चाळिशीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ रात्री दोनच्या सुमारास आमच्या रुग्णालयात आणले गेले. त्यांनी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला होता. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते शुद्धीवर आले, तिसऱ्या दिवशी चहा मागू लागले, पाचव्या दिवशी आम्ही त्यांना घरी सोडले. कार्डावर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आम्लपित्ताचे औषध आणि 'आठ दिवसांनी दाखविणे' असा शेरा. त्यांची बायको दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "डॉक्टर, घरी नेल्यावर मी करायचं काय? रात्रभर जागी राहू का?" मी म्हणालो, "काळजी घ्या, एकटं सोडू नका." हे उत्तर आठवले की आजही मला शरम वाटते. आठ दिवसांनी ते आले नाहीत. चौकशीला कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

छातीत दुखून आलेल्या रुग्णाला आपण असे सोडतो का? त्याला पथ्य सांगतो, गोळ्या समजावतो, जिने कधी चढायचे तेही सांगतो. मधुमेह्याला तर आहाराचा छापील तक्ताच मिळतो. पण स्वतःचा जीव घेऊ पाहणारा माणूस घरी जातो तो रिकाम्या हाताने. वास्तविक ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्याच्या बाबतीत पुन्हा तसे होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर सर्वांत नाजूक. नेमक्या त्याच आठवड्यांत आपण त्याला 'आता बरा झाला' म्हणून मोकळे होतो.

आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये आपला क्रमांक पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एका आत्महत्येमागे वीसहून अधिक प्रयत्न घडतात. प्रयत्न करून वाचलेली ही माणसे कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाच्या दारातून आत येतात आणि बाहेर जातात. आपल्या हाताशी येऊन निसटणारी ती माणसे आहेत.

त्यांच्यासाठी काही करता येते का? येते, असे म्हणण्यास आता आधार आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात कोनराड मिखेल आणि आन्या गीसिन-मायार या दोघांनी मिळून एक छोटा उपचारक्रम तयार केला. तो फक्त तीन भेटींचा आहे. पहिल्या भेटीत रुग्ण आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगतो आणि तिचे व्हिडिओ चित्रण होते. डॉक्टरने 'का केलंस?' अशी उलटतपासणी घ्यायची नाही, ऐकायचे. दुसऱ्या भेटीत दोघे शेजारी बसून तेच चित्रण पाहतात. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस स्वतःलाच बाहेरून पाहतो, आणि सगळे अंधारून येण्यापूर्वी नेमके काय घडत गेले, कुठे बोलणे तुटले, कुठे झोप गेली, हे त्याला दिसू लागते. तिसऱ्या भेटीत दोघे मिळून एका घडीच्या, खिशात मावेल अशा कार्डावर लिहितात : माझ्या धोक्याच्या खुणा कोणत्या, त्या दिसल्या की पहिल्यांदा काय करायचे, कोणाला फोन करायचा. पुढे दोन वर्षांत सहा पत्रे जातात. पत्र साधेच असते. कसे आहात, कार्ड जवळ आहे ना, इतकेच. पण खाली त्याच उपचारकाची सही.

या उपचाराची चाचणी १२० रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. साठ जणांना नेहमीच्या उपचाराबरोबर हा क्रम मिळाला, उरलेल्या साठांना नेहमीचे उपचार आणि एक मुलाखत. दोन वर्षांत पहिल्या गटात पुन्हा प्रयत्नाच्या ५ घटना घडल्या, दुसऱ्या गटात ४१.

आकडा डोळे दिपवणारा आहे, आणि म्हणूनच जरा थांबले पाहिजे. हाच क्रम पुढे फिनलंडमध्ये हेलसिंकीला तपासला गेला. तिथे दुसऱ्या गटालाही चांगल्यापैकी समुपदेशन देण्यात आले होते. २०२२ साली जाहीर झालेल्या त्या निकालात एका गटात सुमारे २९ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३५ टक्के लोकांनी पुन्हा प्रयत्न केल्याचे आढळले. हा फरक निर्णायक म्हणता येत नाही. मग बर्नचे खोटे का? तसे नव्हे. कदाचित तिथले गुण त्या दोन माणसांच्या हाताचे असतील. कदाचित कोणीतरी मनापासून ऐकून घेणे हेच खरे औषध असेल, मग त्याची पद्धत कोणतीही असो. याचे उत्तर घरी बसून मिळत नाही, तपासूनच मिळते.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी एक पाहणी केली : ब्राझीलमधील काम्पिनास, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील कराज, चीनमधील युनचेंग आणि आपले चेन्नई. एकूण १,८६७ रुग्ण. उपचार म्हणाल तर घरी सोडण्याच्या सुमारास तासभर बोलणे, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा प्रत्यक्ष भेट. २००८ मध्ये निष्कर्ष आले : ज्यांना हे मिळाले त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात २.२ टक्के. एक तास आणि नऊ फोन! आपण एका एक्स-रेच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

आणखी जवळ या. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा उपचार तपासला. तो देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. ४९५ रुग्णांच्या या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले आणि ते चांगले होते. आपल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प तीस गावांत राबविला गेला. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तिथे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. मात्र तिथे तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती. पाऊसपाणी बरे झाले म्हणून फरक पडला की प्रकल्पामुळे, हे ठामपणे सांगणे अवघड जाते. कामाचे मोल यामुळे कमी होत नाही, पण तुलनेचा गट का लागतो ते यावरून कळावे.

इथे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच : "म्हणजे अर्ध्या रुग्णांना उपचार द्यायचा आणि अर्ध्यांना मरणाच्या दारात सोडायचे? माणसे काय उंदीर आहेत?" हा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर वाशीच्या एका निवृत्त शिक्षकांनी भर सभेत विचारला होता. त्यांचा संताप मला पटला, निष्कर्ष पटला नाही. दुसऱ्या गटाला आज जे मिळते ते सगळे मिळालेच पाहिजे, किंबहुना थोडे अधिक. त्यांचीही चौकशी होते, कोणाची प्रकृती ढासळलेली दिसली तर चाचणी बाजूला ठेवून उपचार होतात. नीतिसमितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद, यांशिवाय अशी चाचणी करताच येत नाही. उलट मी विचारतो, आज आपण काय करतो आहोत? आज तर सगळेच रुग्ण त्या 'काही न मिळालेल्या' गटात आहेत, आणि त्यांची मोजदादही कोणी ठेवत नाही. यापेक्षा क्रूर प्रयोग कोणता?

आता आपल्या नवी मुंबईचे पाहू. वैद्यकीय महाविद्यालये नेरूळला आहेत, कामोठ्याला आहेत. महापालिकेचे रुग्णालय वाशीला आहे. मानसोपचाराचे विद्यार्थी, परिचारिका, समाजसेवक आहेत. 'आसरा'सारखी संस्था १९९८ पासून याच शहरातून फोनवर लोकांचे ऐकत आली आहे. अशी चाचणी इथे व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण बर्नचा कागद मराठीत उतरवला म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांनी आधी एखाद्या चाळीत जाऊन यावे.

पत्राचेच घ्या. घणसोलीच्या खोलीत सहा माणसे राहतात. पत्र आले की ते आधी सासू उघडणार, मग शेजारीण वाचणार. 'कसे आहात?' या दोन शब्दांनी एखाद्या सुनेचे घरात राहणे अवघड होऊ शकते. मग फोन करावा, तर फोन नवऱ्याच्या खिशात. खाणीवर किंवा बांधकामावर काम करणारा मजूर सहा महिन्यांत गावी जातो, फोनचे कार्ड बदलतो. दोन वर्षे त्याचा माग ठेवायचा कसा? कदाचित आपल्याकडे पत्राऐवजी आशाताई लागेल, आणि तीही रुग्णाने स्वतः निवडलेली, त्याच्याच गल्लीतली नव्हे.

चित्रणाचे त्याहून कठीण. आपल्याकडे असा रुग्ण आला की पोलिसांना कळवावे लागते, जबाब होतो. खाटेशेजारी हवालदार बसून गेल्यावर तासाभराने कोणी कॅमेरा लावला तर कोण खरे बोलेल? "चुकून झालं साहेब" हेच उत्तर मिळणार. भीती जुनी आहे. दंड विधानाच्या ३०९ कलमाखाली हा गुन्हा होता. मुंबईतल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ सालीच ते कलम रद्दबातल ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तोच कौल दिला, पण १९९६ मध्ये तो फिरवला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम उरलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. पण कायदा बदलला हे वॉर्डात कोणाला ठाऊक आहे? माझ्या ओळखीचे कित्येक डॉक्टरही अजून केस होईल असे रुग्णाला सांगतात. चाचणीच्या पहिल्या दिवशी पहिले वाक्य 'तुमच्यावर गुन्हा नाही' हे असावे, आणि ते हवालदारानेच सांगितले तर उत्तम.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०३० पर्यंत मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांनी खाली आणण्याचे ठरविले. खर्च मोठा नाही. एका रुग्णालयात एक बंद खोली (ही मिळणे सर्वांत कठीण, हे मी अनुभवाने सांगतो), दोन प्रशिक्षित माणसे आणि पाठपुराव्याची वही. मात्र एका रुग्णालयाने भागणार नाही. पुन्हा प्रयत्न करणारे सुदैवाने थोडेच असतात, त्यामुळे फरक दिसायचा तर शेकडो रुग्ण हवेत. वाशी, नेरूळ, कामोठे, पनवेल, ठाणे येथील रुग्णालयांनी एकच वही ठेवायला तयार व्हावे लागेल. डॉक्टरांमध्ये हे जमणे किती अवघड, ते आमचे आम्हाला माहीत!

ही चाचणी होईल तेव्हा होईल. पण आज ज्यांच्या घरी असा माणूस परत आला आहे त्यांना, त्या बाईंना मी जे सांगितले नाही ते सांगतो. त्याला सरळ विचारा, "पुन्हा तसे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. घरातली धोक्याची वस्तू, औषधे, फवारणीचे डबे हलवा, शेजाऱ्याकडे ठेवा. एका कागदावर तीन खुणा आणि तीन फोन नंबर त्याच्याच हाताने लिहवून घ्या. चौथा नंबर १४४१६, 'टेली-मानस'चा. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि पलीकडून मराठीतही बोलतात. आणि आठ दिवसांनी रुग्णालयात बोलावले असेल, तर त्याच्याबरोबर तुम्हीही या.